तू बस गं

पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं. झालं ते एवढंच. हातून निसटलं, फरशीवर दोनदा टकटक उडालं, घरंगळत गेलं आणि टेबलाच्या मागच्या पायाशी जाऊन थांबलं. मी उभी होते तिथून ते लख्ख दिसत होतं. निळं, एका बाजूनं चावलेलं. आणि मी त्याच्याकडे बघत हिशेब मांडत होते. डावा हात टेबलावर टेकवायचा, उजवा पाय मागे न्यायचा... पण मग सगळा भार डाव्यावर येणार, आणि दुखतो तो डावाच. बरं, बसले खाली कशीबशी, तर उठताना धरायचं कशाला? टेबल हलतं. टोपणाशिवाय पेन चालतं का? चालतं की. चार दिवसांनी सुकेल, पण तोवर चालेल. तेवढ्यात लेक आली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टोपणाकडे, आणि 'तू बस गं, मी काढते' म्हणत वाकून टोपण काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि गेलीसुद्धा. वाक्य संपायच्या आत काम संपलं होतं.

दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. गुडघा दुखतो याचं काही नाही, तो दोन वर्षं दुखतोच आहे. खटकलं ते हे की तिनं टोपण काढून दिल्यावर मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. आणि दुसरं म्हणजे ते वाक्य. ते तिचं नव्हतं.

ते माझं होतं. पंधरा वर्षं मी ते माझ्या आईला म्हणत होते.

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ती साठीच्या जवळ होती. तिचं उठणं आधी कानावर यायचं. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकल्याचा आवाज, एक श्वास, मग 'आई गं', आणि मग करकर. सत्तरीची बाई उठता-बसता आपल्या आईला हाक मारायची, जी जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आम्ही भावंडं तिच्यावर जीव टाकणारी. त्यामुळे आम्ही तिच्या वाटेतलं एकेक काम उचलत गेलो. वरच्या फळीवरचं सामान खाली आणलं, मग खालच्या फळीवरचं मधल्या फळीवर. तिचा पलंग तळमजल्यावर आला. खुर्ची उंच झाली. दारापर्यंत जाणं, पाणी आणणं, पडदा ओढणं, सगळ्याला एकच उत्तर, 'तू बस गं'. संध्याकाळचं फिरणं आधी निम्म्यावर आलं, मग अंगणापुरतं, मग खिडकीपुरतं. यातली एकही गोष्ट आम्ही कंटाळून केली नाही. एकूणएक प्रेमापोटी केली.

एकदा तिच्या गुडघ्याला मलम चोळत होते. तळहात गुडघ्यावरून वर मांडीकडे गेला तर कातडी माझ्या हाताबरोबर सैल सरकली. खाली धरायला काही नव्हतंच. गुडघा मात्र गोल, मोठा, टणटणीत दिसत होता. मी भावाला फोन करून सांगितलं, गुडघा फार सुजलाय. आता वाटतं, तो फारसा सुजला नव्हताच. मांडी आटली होती, म्हणून मधला गुडघा मोठा दिसत होता. डोळ्यांसमोर होतं आणि मी उलटं वाचलं.

आपल्या भाषेनं या सांध्यावर काय काय लादलंय. हरलो की गुडघे टेकायचे, लग्नाची घाई झाली की गुडघ्याला बाशिंग बांधायचं, अक्कल कमी पडली तर तीही गुडघ्यातच असायची. पण मला सगळ्यात गंमत वाटते ती दोन शब्दांची. लहानपणी फुटतं ते ढोपर. रक्त, माती, खपली, आणि ती खपली काढायचा मोह. मोठेपणी दुखतो तो गुडघा. सांधा तोच, पण ढोपर बरं होतं आणि गुडघे 'जातात'. 'तिचे गुडघे गेले' असं म्हणताना आपण जणू त्यांना निरोप देऊन मोकळे होतो.

माझे गेले ते एका सकाळी, जिना उतरताना. चढताना नाही, उतरताना. वाटीच्या मागे कुणी खडा ठेवल्यासारखं झालं. मग यथावकाश एक्स-रे. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला, पेनाच्या टोकानं दोन हाडांमधली फट दाखवली आणि म्हणाले, 'इथे गॅप कमी झालाय. गादी झिजली आहे. वयानुसार होतं.' माणूस चांगला होता, बाहेर गर्दी होती, आणि त्यांनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण तो 'झिजली' शब्द माझ्याबरोबर घरी आला. साबण झिजतो, चपलेची टाच झिजते, खोडरबर झिजतं. वापरलं की झिजतं, म्हणून जपून वापरायचं. त्या दिवसापासून मी पावलं जपायला लागले. खाली जायची तीन कामं साठवायची आणि एकदाच जायचं. पुढची वीस-तीस वर्षं पुरवायची आहे ना गादी.

मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता चक्क राग आला. ज्याला आपण गादी म्हणतो ती कूर्चा. एक तर ती हाडांच्या टोकांवरचा थर असते, आणि शिवाय मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये अर्धचंद्रासारख्या दोन चकत्या असतात, त्या मेनिस्कस. हाडांवरची कूर्चा इतकी गुळगुळीत असते की बर्फावर बर्फ घसरतो त्यालाही लाजवेल. वाटीच्या मागचा थर तर शरीरातल्या सगळ्यात जाड थरांपैकी, आणि तो जाड म्हणजे किती, तर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. एकही नाही. मग ती जगते कशावर? सांध्यातल्या वंगणावर. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, आतलं पाणी बाहेर पडतं. पाऊल उचललं की ती फुगते आणि पोषण घेऊन पाणी परत आत शिरतं. भिजलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसं. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. आणि मी दोन महिने तिला उपाशी ठेवून 'जपत' होते. आईला तर आम्ही पंधरा वर्षं.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. कूर्चेत रक्त नसतं तसे मज्जातंतूही नसतात. ती दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्या आजूबाजूचं. कूर्चेखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, कडेचे बंध, वाटीखालची चरबी, आणि या सगळ्यांची खबर नेणारी आणि कधीकधी ती फुगवून सांगणारी मज्जासंस्था. ज्या रात्री झोप झालेली नसते त्या सकाळी माझा गुडघा जास्त दुखतो, हे मी डायरीत लिहून पाहिलंय. एका रात्रीत काय गादी झिजते?

तसं 'एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही' हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं 1743 सालीच लिहून ठेवलंय, आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत ते अजून बव्हंशी खरंच आहे. पण कूर्चा परत न येणं आणि दुखणं कमी न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

एक्स-रेचं तर निराळंच. 1957 मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघा डॉक्टरांनी सांध्याच्या झिजेला शून्य ते चार अशी श्रेणी लावून दिली, ती आजही चालते. 'माझी थर्ड ग्रेड, तुमची?' असं माणसं एकमेकांना परीक्षेच्या निकालासारखं विचारतात. पण तो आकडा फोटोचा असतो, दुखण्याचा नसतो. 2008 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या साध्या, चालत्याफिरत्या माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून पाहिले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला त्यांच्यापैकी 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. हे वाचून मी आईची जुनी फाईल काढली. तिचा उजवा गुडघा दुखायचा. आणि अहवालात लिहिलं होतं, डावा जास्त खराब. आम्ही तेव्हा तो अहवाल वाचला होता. मोठ्यानं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

करकरीचंही तेच. जिना चढताना माझ्या गुडघ्यातून वाळू चिरडल्यासारखा आवाज येतो आणि मला वाटायचं, हाच तो, हाडावर हाड. दुखत नसेल, सूज नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचे बुडबुडे होतात, स्नायूंचे दोर हाडावरून टणकन सरकतात, वाटीमागचा पृष्ठभाग थोडा खरबरीत होतो. बोटं मोडली तर संधिवात होतो असं आईनं बजावलं म्हणून डोनाल्ड उंगर नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरानं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात तपासले तर संधिवात कुठल्याच हाताला नाही. त्याला 2009 मध्ये विनोदी संशोधनाचं इग् नोबेल मिळालं. एका माणसाच्या दोन हातांवरून काही सिद्ध होत नाही, पण आईचं खोडून काढायला साठ वर्षं देणारा मुलगा मला आवडला.

मात्र मला खरं हलवलं ते ह्यूस्टनच्या प्रयोगानं. ब्रूस मोझली हे हाडांचे सर्जन. गुडघ्यात दुर्बीण घालून खरबरीत झालेलं खरवडायचं, धुऊन काढायचं, ही शस्त्रक्रिया तेव्हा धडाक्यात चालायची आणि लोकांना बरंही वाटायचं. त्यांनी झीज झालेल्या गुडघ्याचे 180 रुग्ण घेतले. काहींचा गुडघा खरवडला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना गुंगी देऊन कातडीवर फक्त तीन छोटे छेद घेतले. आत काहीच घातलं नाही. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत सगळं यथासांग चाललं. हत्यारं मागितली गेली, पाय हलवला गेला, धुण्याचा आवाज यावा म्हणून पाणीसुद्धा शिंपडलं गेलं. कुणाचं काय झालंय हे रुग्णांना दोन वर्षं माहीत नव्हतं. 2002 साली निकाल छापून आला. तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नाही. मी ते पाणी शिंपडण्याचं वाक्य तीनदा वाचलं. खोटं ऐकून गुडघा बरा वाटतो म्हणजे दुखणंही खोटंच, असा अर्थ काढायचा मोह होतो. पण तो अर्थ चुकीचा. रात्री कूस बदलताना जी कळ येते तिला खोटं म्हणून दाखवा. माझ्या मनात उरलं ते वेगळंच. कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष दिलं, आता चालायला हरकत नाही असं सांगितलं, एवढ्यानंही किती माणसं चालायला लागली असतील? आणि 'झिजली' या एका शब्दानं किती बसली असतील? (हा प्रयोग झिजेच्या गुडघ्यांचा होता. मैदानावर गुडघा मुरगळून बंध तुटला, ती गोष्ट वेगळी.)

फिजिओथेरपीला गेले तेव्हा मला वाटलं होतं मशीन लावतील, वायरी चिकटवतील, मी डोळे मिटून पडेन. समोर माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी मुलगी. तिनं हात न असलेली एक खुर्ची भिंतीला लावली, मला बसवलं, दोन्ही हात छातीवर घडी घालायला लावले आणि म्हणाली, 'काकू, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते बघू.' पहिल्यांदा उठले तेव्हा हात आपोआप सुटून मांडीवर टेकले. 'हा धरत नाही हं,' ती म्हणाली. चौथ्या वेळी मांड्या थरथरल्या. सातव्या वेळी मी खुर्चीवर बसले नाही, पडले. एकूण नऊ. तिनं नऊ लिहिलं. किती यायला हवेत असं विचारलं तर जरा चाचरत म्हणाली, साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांचेसुद्धा बाराच्या खाली आले तर आम्ही कमी धरतो. मी बावन्नची. गुडघ्यासाठी आले होते आणि नापास मांडीनं झाले होते.

नंतर तिनं समजावलं ते असं. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू वाटीला धरून असतो आणि वाटी कप्पीसारखं काम करते. उतरताना शरीराचा भार हळूहळू खाली सोडायचं काम त्या स्नायूचं, म्हणून जिना उतरताना जास्त कळतं. गुडघा दुखला किंवा त्यात थोडं पाणी झालं की हा स्नायू हात आखडता घेतो. तो आखडता घेतो म्हणून आपण कमी चालतो, कमी चालतो म्हणून तो आटतो, आटतो म्हणून सांध्यावर दणका जास्त बसतो, म्हणून अजून दुखतं. ती बोलत होती आणि माझ्या तळहाताला आईची सैल कातडी आठवत होती.

व्यायाम काय, तर हसू यावं असे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती जमिनीकडे दाबायची, मनात दहा मोजायचे, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर वळून पाय बाजूला उचलायचा, कारण कमरेचे स्नायू ढिले असले की गुडघा आत झुकतो. खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, बसताना जास्त हळू. आणि चालायचं. 'दुखलं तर?' 'दुखेल ना. दहापैकी चार-पाचपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत पहिल्यावर आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम सोडायचा नाही, थोडा कमी करायचा.' दुखेल ना, हे इतकं सहज सांगणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. खरं सांगते, हे व्यायाम भयंकर कंटाळवाणे आहेत. औषध घेतल्याचं समाधान नाही, घाम गाळल्याचा अभिमान नाही. पहिले पाच आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात एकदा जिना उतरून खाली आल्यावर लक्षात आलं की कठडा धरला नव्हता. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी इतका दुखला की वाटलं, सगळं मुसळ केरात.

वजनाचं कळलं तेव्हा मी मुद्दाम दुर्लक्ष करून पाहिलं. पण आकडा असा की विसरता येईना. 2005 च्या एका अभ्यासात दिसलं की अंगावरचं एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. दर पावलाला. हे ज्यानं त्यानं येताजाता ऐकवायचं नसतं, एवढंच माझं म्हणणं. दुखणाऱ्या गुडघ्याच्या बाईला 'वजन कमी करा' म्हणणारे बरेचसे लोक ती वाक्यं बसल्या जागेवरून म्हणतात.

बाकीच्या उपायांबद्दल फार लिहीत नाही. सूज-दुखण्यावरचं औषधी मलम गुडघ्याला लागू पडतं, कारण सांधा कातडीच्या जवळ असतो. आणि पोटात गोळी घेण्याआधी ते करून बघावं असं आता बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आईचं मलम फुकट गेलं नव्हतं, हा एक दिलासा. कूर्चेसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मीही वर्षभर घेतल्या. 2006 साली दीड हजारांहून जास्त माणसांवर त्यांची चाचणी झाली होती आणि एकंदरीत त्या औषध नसलेल्या, नुसत्या दाखवायच्या गोळ्यांहून सरस ठरल्या नव्हत्या, हे मला डबे संपल्यावर कळलं. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण दोन वर्षं दर तीन महिन्यांनी देत राहिले तेव्हा कूर्चा उलट जास्त पातळ झाली, असं 2017 मध्ये दिसून आलं. शेकल्यानं बरं वाटतं, मग शेकावं. त्याला पुरावा कशाला.

काठीबद्दल मात्र लिहायलाच हवं. आईनं शेवटची सहा वर्षं काठी वापरली. उजवा गुडघा दुखायचा म्हणून काठी उजव्या हातात. बघणाऱ्यालाही तेच बरोबर वाटतं. पण काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, आणि दुखरा पाय पुढे पडेल तेव्हाच तीही पुढे टेकायची. म्हणजे भार दोघांत वाटला जातो आणि चाल झुकत नाही. काठीची उंची मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या सहा वर्षांत तिला किती डॉक्टरांनी पाहिलं, किती नातेवाईक भेटून गेले, आम्ही तिघं भावंडं तिच्या शेजारून चाललो. काठी कुठल्या हातात आहे हे कुणी पाहिलं नाही. घरात एक फोटो आहे, ती दारात उभी, काठीवर झुकलेली, हसरी. तो फोटो मला आता नीट बघवत नाही.

'चालत राहा' हे सगळ्या गुडघ्यांना लागू नाही, हेही इथेच सांगते, कारण भाचीच्या मुलाच्या वेळी आम्ही फसणार होतो. दहा वर्षांचा पोर गुडघा दुखतो म्हणून लंगडायचा. आम्ही गुडघा दाबून बघत होतो, गुडघा ठणठणीत. डॉक्टरांनी सरळ त्याचा खुबा फिरवून पाहिला आणि दुखणं तिथे सापडलं. मुलांमध्ये खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. तसंच गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पडल्यावर पाय टेकताच येत नसेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर घरगुती शहाणपण बाजूला ठेवायचं. आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर तो आमच्यासारख्यांचा. तास-तास टिकत असेल, बोटांचे सांधेही धरत असतील, तर तो वेगळा वात, त्याची औषधंही वेगळी.

आणि शस्त्रक्रिया. लोक म्हणतात 'वाट्या बदलल्या', पण खरं काम असतं मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांचं. तिथे धातूची टोपणं बसतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती. वाटी कित्येकदा होती तशीच ठेवतात. 2019 च्या एका मोठ्या पाहणीनुसार पूर्ण बदललेले 82 टक्के गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. दर पाच ते दहा जणांत एखाद्याला मात्र दुखणं उरतं. आईच्या मैत्रिणीनं दोन्ही बदलून घेतले आणि ती पुढे दहा वर्षं हिंडली. आईचा विषय निघाला तेव्हा आम्ही म्हणालो, आता या वयात कशाला, एवढी मोठी चिरफाड. तीही म्हणाली, कशाला. तिला खरंच नको होतं, की आमचे चेहरे बघून ती तसं म्हणाली? हा प्रश्न मी कितीदा उलटापालटा करून पाहिलाय. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

मध्यंतरी परत मोजलं, आता तेरा येतात. गुडघा दुखतोच, पण त्याच्याशी बोलाचाली सुरू झाली आहे.

परवा ते टोपण पुन्हा पडलं. सैलच झालंय ते. पुन्हा टेबलाखाली. लेक दारातच होती, तिचा पाय उचललेला मी पाहिला आणि म्हटलं, 'थांब.' ती थांबली. मी खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेकवले, उजवा पाय पुढे रोवला, डावा मागे नेत नेत गुडघा फरशीला लावला. करकरला. फरशी गार होती. खालून टेबल वेगळंच दिसतं, धुळीची जाळी, एक जुना खिळा, कधीतरी कुणीतरी चिकटवलेला कागद. मग उठायची वेळ आली आणि पहिल्या प्रयत्नात उठता आलं नाही, कारण खुर्ची मागे सरकली. लेक पुढे झाली. 'हात नको देऊस,' मी म्हटलं, 'खुर्ची धरून ठेव.' तिनं खुर्ची घट्ट धरली. चेहऱ्यावरून कळत होतं की तिला मला काखेत हात घालून उचलायचं होतं. मी पुन्हा हात टेकवले, उजव्या पायावर भार घेतला, श्वास घेतला, आणि उठता उठता तोंडून निघून गेलं, 'आई गं.'

'काय?' लेक म्हणाली.

'तुला नाही,' मी म्हटलं. उभी होते मी. मांडी थरथरत होती. आणि टोपण खालीच राहिलं होतं.